झाकणाच्या आतला वास

"दूध नासलेलं आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना, आणि माणसाला सगळ्यात शेवटी."

हे तिचं नेहमीचं बोलणं. दूध घेऊन येणारे गाडीवाले तिच्या पाठीमागे तिची नक्कल करायचे ती हेच वाक्य म्हणून. एक हात कमरेवर, मान जराशी तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. नक्कल हुबेहूब वठायची, कारण अकरा वर्षांत तिने उभं राहायची जागा बदलली नव्हती आणि वाक्यही बदललं नव्हतं.

डेअरीत जिथे गाड्या रिकाम्या होत, त्या ओट्यावर ती दुधाचा वास घ्यायची. पगार त्याचाच. गाडी उलटी येऊन ओट्याला टेकायची आणि दुधाचे कॅन लोखंडी रुळांवरून एकामागून एक सरकत यायचे. रुळांच्या पलीकडे झाकणमामा उभे असायचे. लाकडी हातोडीचा कडेला एक ठोका, मनगटाला एक हिसका, की झाकण मोकळं. मग ते झाकण उलटं करून मामा तिच्या नाकापुढे धरायचे. दुधाचा खरा वास कॅनमध्ये शोधायचा नसतो. वाटभर दूध डुचमळत येतं, त्याचा श्वास वर जाऊन झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटून बसतो. झाकण निघाल्यावर तो दोन क्षण टिकतो. त्या दोन क्षणांत तिने म्हणायचं, "जा" किंवा "थांब".

"जा" म्हटलं की कॅन पुढे ढकलला जायचा आणि मोठ्या टाकीत उलटा व्हायचा. "थांब" म्हटलं की त्यावर लाल खडूची फुली, आणि कॅन बाजूला. सकाळच्या पाळीला दोन-अडीचशे कॅन. कोणाच्या गोठ्यात ओला पेंढा पडलाय, कोणी कॅन साबणाने घासून नीट खळबळला नाही, कोणी कालचं उरलेलं दूध आजच्यात गुपचूप मिसळलंय, हे तिला झाकणातून दिसायचं.

"नाकवाल्या बाई," एखादा गाडीवाला म्हणायचा, "काल आमच्या घरी काय शिजलं तेही सांगून टाका."

"शिजलं कुठे, करपलं," ती म्हणायची, आणि ओटाभर हशा पिकायचा. करपलेलं असायचंच.

झाकणमामा तिच्या खऱ्या नात्याचे कोणी नव्हते. पंचावन्न-छप्पन्नचे, हडकुळे, बोलायला मोकळे. तिने तोंड उघडायच्या आतच त्यांचा हात कॅन ढकलायला किंवा अडवायला गेलेला असायचा. वास वाईट असला तर तिच्यासारखंच त्यांचंही नाक आक्रसायचं, डावी भुवई वर जायची. "माझं नाक तुझ्या आधीचं आहे पोरी," ते फुशारकी मारायचे. "शिकलो असतो चार बुकं तर तुझ्या जागी मी असतो, आणि तू झाकणं उचलली असतीस."

"उचलली असती, पण एवढी बडबड केली नसती," ती म्हणायची.

असं अकरा वर्षं चाललं. नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणून तिला सगळे ओळखायचे. पण घरी पाळणा हलला नव्हता, तेही सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिने ते आनंदाने सगळ्यांना सांगितलं. आठ दिवसांत तिचं नाक फिरलं. चांगलं दूध कुजल्यासारखं यायला लागलं, नवऱ्याच्या अंगाचा वास सहन होईना, भिंतीतून शेजारच्या घरची धुण्याची बादली आंबलेली कळायला लागली. मग एक दिवस सकाळी ती उठली आणि काहीच वाटलं नाही. दुधाला दुधाचा वास, पावाला पावाचा. तिला वाटलं, सुटले बाई. पोटभर जेवली. नवऱ्याशी हसली. तिसऱ्या दिवशी सगळं वाहून गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल चार दिवस आधीच थांबलं असावं. त्या क्षणी तिला कळलं की त्या सकाळी ती नेमकी कशावर हसली होती.

दुसऱ्या वेळेला तिने फक्त कामावर सांगितलं, कारण सांगावंच लागलं. डेअरीचा नियम होता, दिवस गेलेल्या बाईला ओट्यावर उभं करायचं नाही. तिचं नाक खोटं बोलतं. तिला हलकं काम द्यायचं. कागदावर हलकं काम म्हणजे कॅन धुण्याची खोली. सोड्याचं उकळतं पाणी, आम्लाचा भपकारा, वाफेत समोरचा माणूस दिसू नये, आणि वाकून वाकून रिकामे कॅन उचलायचे. रिकामा कॅनही उचलताना पोटाला ओढ देतो. तिथे ती सोळा दिवस होती. सतराव्या दिवशी सकाळी वाफेतून तिला सोड्याचा साधा, स्वच्छ वास आला, आणि हातातला कॅन तिने हळूच खाली ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कामामुळे असं होत नाही, उगाच स्वतःला दोष देऊ नका. ती हो म्हणाली. पण माणूस डोक्याने हो म्हणतो आणि पोट ऐकत नाही.

म्हणून या तिसऱ्या वेळी तिने ठरवलं, बारा आठवडे कोणाला वास लागू द्यायचा नाही. बारा आठवडे निघाले की ती स्वतः जाऊन सांगणार होती. नियम दाखवा, धुण्याच्या खोलीत पाठवा, बिनपगारी घरी बसवा, काय हवं ते करा. पण तोवर तोंडाला कुलूप.

माहीत होतं ते एकट्या नवऱ्याला. तो घरं रंगवायचा. माणूस भला, पण रोज संध्याकाळी टर्पेंटाइनने हात पुसून यायचा आणि तो वास तिच्या घशात बोट घालायचा. बिचारा बाहेरच्या नळावर दोनदा अंग धुवायचा आणि खिडकीखाली वेगळं अंथरूण टाकून झोपायचा.

"जगाच्या भिंती उजळतोस आणि बायकोला ओकाऱ्या देतोस," ती म्हणायची.

"मग काय, दूध विकू? तेही तुला चालत नाही सध्या," तो म्हणायचा.

कपाटाच्या मागे, सासूच्या नजरेला पडणार नाही अशा कोपऱ्यात, तो दर आठवड्याला भिंतीवर रंगाचं एक बोट ओढायचा. ज्या घराचं काम चालू असेल त्या घरचा उरलेला रंग. एक पिवळं, दोन निळी, एक शाळेच्या दारांचा करडा हिरवा. बारा बोटं झाली की कपाट बाजूला सरकवून अख्खी खोली रंगवायची, असं त्याने ठरवलं होतं. रंग कुठला ते सांगायचा नाही.

सासू बाहेरच्या खोलीत असायची. तिला यातलं काही माहीत नव्हतं. सून कामावरून आली की भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते, एवढंच तिला दिसायचं.

"आमच्या वेळी बायका दगड फोडून आल्या तरी चूल पेटवायच्या," ती म्हणायची. "दूध हुंगून कोणी दमतं, हे मी पहिल्यांदाच बघितलं."

सून डोळे न उघडता म्हणायची, "हुंगून बघा एकदा, आई." आणि पुन्हा झोपायची.

कामावर मात्र झोपता येत नव्हतं. ती उठल्या उठल्या अंथरुणातच दोन कोरडी बिस्किटं चावायची, पाणी न पिता. पांढऱ्या कोटाच्या उजव्या खिशात बिस्किटांचा पुडा, डाव्या खिशात रुमालात गुंडाळलेली लिंबाची साल. उमासा आला की खोकला आल्यासारखं करून रुमाल तोंडाशी न्यायचा. फारच झालं तर रिकाम्या कॅनच्या थप्पीमागे जायचं. आवाज न करता ओकायला ती शिकली होती. तो एक स्वतंत्र धंदा आहे. त्यात घसा उघडा आणि चेहरा बंद ठेवावा लागतो.

पण झाकणाचं काय करायचं? दोनशे झाकणं, आणि प्रत्येक झाकणातून तिच्या नाकावर उकिरडा ओतला जायचा. कुठलं दूध खरंच गेलंय आणि कुठलं तिच्या पोटामुळे गेल्यासारखं वाटतंय, काही कळायला मार्ग नाही. पहिल्या दिवशी तिने तासाभरात नऊ कॅन अडवले. नऊच्या नऊ चांगले निघाले. गाडीवाले कुरकुरले, "बाईंचं नाक आज डाव्या कुशीवर उठलंय."

दुसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. मामांचं नाक तिच्याइतकंच तिखट. त्यांचा चेहरा बघायचा. मामांचं नाक आक्रसलं तर थांब, नाहीतर जा. झाकण पुढे आलं की तिने श्वास रोखायचा, चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा ठेवायचा, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मामांकडे बघायचं. मामांचा चेहरा शांत. "जा." पुढचं झाकण. शांत. "जा." श्वास सोडायचा तो दोन झाकणांच्या मधल्या फटीत.

तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं. थंडीचे दिवस होते, दूध चांगलंच येत होतं. भिंतीवर दहा बोटं झाली.

त्या दिवशी एक गाडी सकाळी आठला यायची ती साडेअकराला आली. रस्त्यात पट्टा तुटला होता. गाडी तीन तास उन्हात उभी होती, आणि गाडीवाल्याने ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सगळेच कॅन बाजूला काढले असते. चौदा कॅन. तिचे पाय भरून आले होते, डोळ्यांपुढे मुंग्या नाचत होत्या, पुड्यातली बिस्किटं संपत आली होती. पहिलं झाकण आलं. तिने श्वास रोखला, चेहरा कोरा केला, मामांकडे बघितलं. मामा शांत. "जा." चौदाच्या चौदा कॅन तिने तसेच सोडले.

दोन वाजता आतून आरडाओरडा ऐकू आला. दूध तापवायच्या यंत्रात पत्र्यांच्या मधे दूध फाटून त्याचा गोळा बसला होता. अख्खी टाकी गटारात सोडावी लागली. आवारातून पांढरा ओढा वाहत गेला आणि फाटकाजवळची कुत्री त्याच्या कडेला ओळीने बसली.

साहेबांनी दोघांना बोलावलं. साहेबांच्या खिशाला कायम थर्मामीटर अडकवलेला असायचा आणि त्यांचं डोकं त्याहून लवकर चढायचं, म्हणून त्यांना पारासाहेब म्हणत. त्या दिवशी मात्र ते ओरडले नाहीत, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"बाई, त्या गाडीचा वास घेतला होता?"

"घेतला होता."

"चौदाही कॅनचा?"

"हो."

"लॅबमध्ये बाटलीत ठेवलेलं दूध मी आत्ता हुंगलं. माझ्यासारख्या माणसालासुद्धा कळतंय. आणि तुम्हाला कळलं नाही?" ते तिच्याकडे बघत राहिले. "मागेही दोनदा तुमचं नाक बिघडलं होतं. तेव्हा कारण होतं. आता काही कारण आहे का?"

ती जमिनीकडे बघत होती. फरशीच्या सांध्यात दूध सुकून पिवळं पडलं होतं. "नाही," ती म्हणाली.

"ठीक. उद्या सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सहा वाट्या ठेवतो. चांगलं कुठलं, नासलेलं कुठलं, सांगायचं. सहाही बरोबर आल्या तर नाक शाबूत आहे, झालं ते गाडीवाल्याच्या लबाडीने झालं असं मी लिहीन. एक जरी चुकली, तर उद्यापासून धुण्याची खोली." मग मामांकडे वळून म्हणाले, "वाट्या तुम्ही भरायच्या. सहाला माझ्या टेबलावर पाहिजेत."

बाहेर आल्यावर ती थप्पीमागे गेली आणि उलट्या ठेवलेल्या कॅनवर बसली. मामा मागोमाग आले.

"मामा, एवढं नासलेलं होतं, तर तुमचं नाक का नाही आक्रसलं?" तिने विचारलं.

मामा हातोडीचा दांडा चोळत म्हणाले, "तुझं नाही आक्रसलं म्हणून."

"म्हणजे?"

"पोरी, मला वास येत नाही. तू यायच्या आधी सात वर्षं मी धुण्याच्या खोलीत होतो. आम्लाने नाक कधीच जळालं. आता माझ्या नाकाखाली मेलेला उंदीर धर, मी त्याला रामराम करीन."

"आणि माझ्या आधी तुमचा हात जायचा तो?"

"तुझी डावी भुवई. तू बोलायच्या आधी ती बोलते. अकरा वर्षं समोर उभा आहे, तुझ्या तोंडाची सवय झालीय माझ्या तोंडाला. झाकणं उचलणाऱ्याला कोण विचारतंय, तुला वास येतो का म्हणून? पण माणसाला वाटतं, आपणही काहीतरी असावं. म्हणून मारायचो बढाया. पण तू श्वास का कोंडून धरत होतीस, ते सांग. मी बघत होतो. म्हटलं, बाईला कसलं तरी दुःख आहे, विचारू नये."

"मी तुमच्या तोंडाकडे बघत होते," ती म्हणाली.

"आणि मी तुझ्या."

आंधळ्याने आंधळ्याचा हात धरला आणि दोघांनाही वाटलं, वाट दाखवणारा आहे. तिला हसू आलं. ते थांबेना. हसता हसता उमासा आला आणि ती थप्पीच्या कोपऱ्यात वाकली. या वेळी तिने आवाज दाबला नाही. मामांनी पाठ फिरवली, आणि पाठ फिरवूनच विचारलं, "कितवा?"

"उद्या अकरावा आठवडा संपतो."

"आणि माझ्या तोंडावर भरवसा ठेवलास. कपाळ माझं." मग ते एकदम वळले. "वाट्या मी भरणार आहे ना? मग झालं. मी साहेबांच्या मागे उभा राहतो. नासलेली वाटी तू उचललीस की मी कान खाजवीन. चांगली असली की हात खाली. तू नाकाशी ने, श्वास रोख, माझ्याकडे बघ. या वेळी माझं तोंड नको बघूस, कान बघ."

"पकडले तर?"

"काय पकडतील? म्हाताऱ्याच्या कानाला खाज सुटली, हा काय गुन्हा आहे?"

त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

सकाळी उजाडायच्या सुमाराला नवरा कपाटामागे वाकलेला होता. अकरावं बोट. रंग विटकरी, कोणाच्या तरी दुकानाच्या पाटीचा. बोट ओढून तो उठला, टर्पेंटाइनच्या चिंधीला हात पुसत तिच्या अगदी जवळ आला आणि चपापून मागे सरला. मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं.

"आज नाक नाही दाबलंस?" तो हसून म्हणाला. "आलो की मी माणसांत."

ती अंथरुणात बसलेली होती. हातातलं बिस्किट तसंच होतं. चिंधी त्याच्या हातात होती, डबा उघडा होता, आणि तिच्या घशाला काही झालं नव्हतं.

"सर्दी झालीय," ती म्हणाली.

"काढा घे मग."

"घेईन."

डेअरीपर्यंतचा पाव तासाचा रस्ता ती एकच गोष्ट घोकत चालली. सर्दी आहे. सर्दीत कसलाच वास येत नाही. चांगलाही नाही, वाईटही नाही. बेकरीवरून गेली तेव्हा तिने श्वास धरला. गटाराच्या पुलावर धरला. तिला काही तपासून बघायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती मनातल्या मनात मागत होती, मला काही कळू नये. सहाही वाट्या नाकापुढून मातीसारख्या जाव्यात. नाहीतर सहाही उकिरड्यासारख्या याव्यात. काहीही चालेल. मामांचा कान आहे.

पारासाहेबांच्या टेबलावर सहा स्टीलच्या वाट्या मांडलेल्या होत्या. सहाही सारख्याच पांढऱ्या. साहेब खुर्चीत, हातात कागद. त्यांच्या मागे भिंतीला टेकून मामा, अंगात धुतलेला सदरा, जणू त्यांचीच परीक्षा होती.

"घ्या," साहेब म्हणाले.

तिने पहिली वाटी उचलली. मामांचे हात खाली, सरळ. चांगली. तिला फक्त श्वास रोखून "जा" म्हणायचं होतं. पण अकरा वर्षांच्या सवयीचं नाक. वाटी नाकाशी आली आणि त्याने आपलं काम केलं.

दूध होतं. ताजं, किंचित गोडसर, कोवळ्या गवताचा मागमूस असलेलं, पहाटे काढलेलं दूध. इतक्या दिवसांत तिला असा वास आला नव्हता.

तिने वाटी खाली ठेवली. "जा," ती म्हणाली.

दुसरी. मामांनी कान खाजवला. तिने पाहिलं नाही. तळाशी आंबूस, अजून डोळ्याला न दिसणारं. "थांब."

तिसरी. तिने वाटी दोनदा हुंगली, जणू दुसऱ्यांदा काही वेगळं निघेल. "थांब. ही कालचीच आहे. उन्हातली."

साहेबांनी मान वर केली. "बरोबर."

मामा मागे हातवारे करत होते, ती आपल्याकडे बघत नाही म्हणून कासावीस झाले होते. चौथ्या वाटीला त्यांनी दोन्ही हात मांड्यांना घट्ट लावले. "जा." पाचव्या वाटीला ते कान उपटून हातात येईल इतक्या जोराने खाजवत होते. "थांब," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ही नासलेली नाही, पण कॅन धुताना सोडा राहिलाय." सहावी तिने पुरती नाकापर्यंतही नेली नाही. "जा."

साहेबांनी कागदावर सही केली. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी गोडवा आला. "पाचवी मी मुद्दाम सोड्याच्या कॅनमधली भरायला लावली होती. बाई, अख्ख्या डेअरीत असं नाक नाही. मला उगाच शंका आली. काही मनात धरू नका. जा, ओटा तुमचाच आहे."

"बरं," ती म्हणाली.

मामांचा चेहरा उजळून निघाला होता. नाक परत आलं, नोकरी वाचली, धुण्याची खोली टळली. त्यांनी हसत तिच्याकडे बघितलं, आणि अकरा वर्षांच्या सवयीने त्यांचं तोंड तिच्या तोंडासारखं व्हायला निघालं. हसू आधी ओठांवर थबकलं, मग विझलं. काय वाचलं ते त्यांना नीट कळलं नव्हतं. पण चांगलं नव्हतं एवढं कळलं.

गाडी लागली होती. दोघं ओट्यावर गेली. ठोका, हिसका, झाकण. "जा." ठोका, हिसका. "जा." "थांब." "जा." गाडीवाला खूश झाला. "बाईंचं नाक आज जागेवर आलं बुवा!"

ती नेहमीसारखं उत्तर देईल म्हणून तो थांबला. तिने दिलं नाही. अठ्ठावीस कॅन तिने तपासले, एकही चुकला नाही. गाडी रिकामी झाली तेव्हा तिने कोट काढला, घडी घालून कठड्यावर ठेवला आणि खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. त्यात पाच-सहा बिस्किटं उरली होती.

"मामा, ही तुम्ही खा. मला आता लागणार नाहीत."

मामांनी पुडा हातात घेतला. "पोरी, तू म्हणालीस अकरा आठवडे…"

"हो."

"मग हे…"

"पहिल्या दोन वेळेलाही असंच झालं होतं. आधी नाक ठिकाणावर येतं." तिने रुमाल सोडला, लिंबाची सुकलेली साल कठड्याखाली टाकली, रुमाल झटकून घडी केला. "मी दवाखान्यात जाऊन येते. साहेबांना सांगा, अर्धा दिवस."

"कदाचित नसेल तसं. कदाचित सर्दी असेल."

"सर्दी असती तर पाचवी वाटी कळली नसती, मामा."

"मी येऊ का बरोबर? झाकणं दुसरं कोणीही उचलील."

"नको. दुसरी गाडी येईल आता."

"घरी सांगू का कोणाला?"

कपाटामागच्या विटकरी बोटाचा रंग अजून ओला असणार होता. "नको," ती म्हणाली. "त्याला कळेल. सगळ्यात शेवटी कळू दे."

मग ती ओट्याच्या पायऱ्या उतरली. कालच्या दुधाचा पांढरट पट्टा आवारात सुकला होता, तो तिने ओलांडला नाही, त्याच्या कडेकडेने गेली. फाटकाजवळची कुत्री उठली, तिला हुंगून पुन्हा बसली. फाटकाबाहेर रस्ता दोन्हीकडे जात होता. ती घराच्या बाजूला वळली नाही. चाल तीच, ना सावकाश ना घाईची, दोन्ही हात बाजूला मोकळे. गेले कित्येक आठवडे चालताना तिचा एक हात पोटापाशी असायचा, हे मामांच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं, तो हात तिथे दिसेना तेव्हा.

दुसरी गाडी येऊन ओट्याला टेकली. गाडीवाल्याने दोनदा हाक मारली, "मामा, झाकण!" मामा रुळांपाशी एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा घेऊन उभे होते, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत तिची पाठ दिसली तोवर ते तसेच उभे राहिले.